बाहेर यायला जामीन लागतो

तुरुंगात जायचं असं नुकादा-सान यांनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या मनात कायद्याबद्दल पूर्ण आदर होता. उभ्या आयुष्यात त्यांनी लाल दिवा असताना रस्ता ओलांडला नव्हता, मग त्या रस्त्यावर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याखेरीज दुसरी कसली वाहतूक नसली तरी. तुरुंगाकडे ते गुन्हेगाराच्या नजरेने पाहतच नव्हते. भाडेकरूच्या नजरेने पाहत होते.

घर पाहावं बांधून, म्हणतात. नुकादांना बांधायचं नव्हतं, नुसतं भाड्याने हवं होतं. ते राहत होते ती दुमजली लाकडी चाळ मालकाच्या मुलाने विकली होती, आणि नवीन वर्ष लागलं की ती पाडून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. गाड्यांना जागा मिळतेय याचं नुकादांना दुःख नव्हतं. गाड्यांना कुणी वय विचारत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं होतं.

गावातल्या सगळ्या घरदलालांकडे ते जाऊन आले. सगळीकडे चहा मिळाला.

"तुम्हाला काही होईल असं मला म्हणायचं नाही," एक दलाल अगदी अजिजीने म्हणाला. "पण समजा झालं, आणि समजा आठ-पंधरा दिवस कुणाला कळलंच नाही, तर मालकाला खालच्या चटया बदलाव्या लागतात."

"फळ्यासुद्धा," नुकादांनी भर घातली.

"फळ्यासुद्धा," दलाल कृतज्ञतेने म्हणाला. "कुणी जामीन राहिला असता तर गोष्ट वेगळी."

जामीन राहायला ओसाकात एक पुतण्या होता. "बायकोला विचारून सांगतो, काका," असं तो गेल्या वर्षी म्हणाला होता. ती बायको अजून त्याला भेटलेली दिसत नव्हती. पेन्शन होतं. स्वभावाने ते गरीब होतं. भाडं आणि जेवण अशा दोन गोष्टी एकाच महिन्यात मागितल्या की रुसायचं. ही चाळ स्वस्त होती म्हणून निभत होतं.

त्याच सुमारास खालच्या खोलीतल्या हात्सुए-सान बऱ्याच महिन्यांनी परत आल्या. गेल्या तेव्हा त्या वाळल्या मुळ्यासारख्या होत्या. आल्या त्या गाल भरून, आणि तोंडात दातांची नवी कोरी कवळी. नुकादा दार वाजवून विचारपूस करायला गेले.

"गरम पाण्याचे झरे मानवले म्हणायचे."

"कसले झरे. तुरुंगात होते," हात्सुए-सान चहा ओतत म्हणाल्या. "आळीत बोलू नका. मी बहिणीकडे होते असं आळीच्या अध्यक्षाने, त्या ओगिसोने, सगळ्यांना सांगितलंय."

"काय केलंत?"

"बांगडे उचलले. दोन. त्याआधीही उचलले होते, पण ते फुकट गेले. पहिल्याच फेरीत कुणी घेत नाही, नुकादा-सान. नुसता दम देतात आणि घरी पाठवतात. चिकाटी लागते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जवाचा भात, पण पोटभर. सार पातळ, पण वेळेवर. ठरलेल्या दिवशी आंघोळ. दात दुखला तर डॉक्टर आपणहून येतो. दुपारी बसून पिशव्यांना बंद लावायचे, तेही अंगाला झेपेल एवढेच.

"आणि सकाळी घंटा झाली की दाराशी येऊन नाव घेतात. आपण 'हजर' म्हणायचं. नवरा गेल्यापासून रोजच्या रोज माझं नाव कुणी घेतलं असेल तर त्या वॉर्डर पोरीने. जरा उशीर झाला म्हणायला, की लगेच कडी काढून आत बघायची."

म्हणजे चटया बदलायची वेळच येत नाही, नुकादांच्या मनात आलं. त्यांनी घसा साफ केला.

"आणि जामीन?"

"आत जायला कशाला लागतोय जामीन? बाहेर यायला लागतो. तो नसला तर उलट जास्त दिवस ठेवून घेतात."

नुकादांनी पेला खाली ठेवला. इतका समजूतदार घरमालक त्यांना अख्ख्या गावात भेटला नव्हता.

"आपल्याला खोल्या जवळजवळ मिळतील का?"

"बायकांचा तुरुंग वेगळा असतो. तुमचं डोकं कुठे चाललंय?"

"शेजार म्हणून विचारलं," नुकादा म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

नुकादांची अडचण अशी की त्यांनी सगळी नोकरी एका बड्या दुकानाच्या तक्रार खिडकीवर काढली होती. गिऱ्हाईक चिडून यायचं, नुकादा क्षमा मागायचे. एवढंच काम. पण ते त्यांनी शास्त्रासारखं केलं. थोडं वाकणं म्हणजे 'आपण आलात, बरं वाटलं'. त्याहून थोडं जास्त म्हणजे 'चूक आमची'. आणि कमरेतून पुरतं वाकून, नजर आपल्याच बुटांच्या टोकांवर ठेवून, समोरचा अवघडेपर्यंत तसंच राहणं म्हणजे 'चूक आमची, आमच्या बापजाद्यांची आणि पुढे जन्माला येतील त्यांचीही'. फुटकी किटली आपटायला आलेल्या बायका नुकादांचं वाकणं पाहून डोळे पुसत दुसरी किटली विकत घेऊन जायच्या. निवृत्तीच्या दिवशी सगळ्या खात्याने त्यांच्यापुढे वाकून दाखवलं होतं. नुकादांनी मनातल्या मनात सगळ्यांना काठावर पास केलं होतं.

पहिली चोरी त्यांनी स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात केली. दुपारीच करायची होती. पण तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीची लाल चिठ्ठी संध्याकाळ झाल्यावर लावतात. पूर्ण किमतीचा डबा उचलायला नुकादांचा हात होईना. चोरी करायची म्हणून काय झालं, उधळपट्टी थोडीच करायची असते. ते टोफूच्या कपाटापाशी चिठ्ठीची वाट बघत उभे राहिले, चिठ्ठी लागली, त्यांनी तळलेल्या माशाचा एक डबा कोटाखाली घेतला आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने दाराबाहेर पडले.

मॅनेजर नवखा होता, कानामागचे केस नीट न कापलेला. तो धावत आला आणि म्हणाला, "माफ करा, आजोबा, पण त्या डब्याचं—"

'माफ करा' हे शब्द कानावर पडले आणि नुकादांची पाठ आपोआप वाकली. पुरती, शेवटच्या प्रतीची. दारातली गिऱ्हाइकं थबकली. मॅनेजरचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला, मग त्याचे डोळे भरून आले.

"आजोबा, असं नका करू. चूक आमची आहे. तुमच्यावर ही वेळ आली."

त्याने डबा आत नेऊन गरम केला, बरोबर चॉपस्टिक्स आणि लोणच्याची पुडी दिली आणि नुकादांना कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

"जेवण बरं होतं का?" हात्सुए-सान यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मासा जरा तेलकट."

"तुम्ही वाकलात ना?"

नुकादा पाठ चोळू लागले.

"तुम्हाला तुरुंगात जायचंय का देवळात? वाकलेल्या माणसाला कोण पकडणार? मान ताठ ठेवायची आणि छताकडे बघायचं."

त्यांनी नुकादांची तालीम घेतली. स्वतः गिऱ्हाईक व्हायच्या आणि तोंडाला येईल ते बोलायच्या. "चोरट्या म्हाताऱ्या. बिनकामाच्या बोक्या." प्रत्येक शिवीला नुकादांची पाठ सवयीने पुढे जायची. शेवटी हात्सुए-सान यांनी कपडे वाळत घालायचा आखूड बांबू आणला आणि कोटाच्या आतून मानेपासून कमरेपर्यंत दोरीने बांधून टाकला.

"आता वाका बघू."

नुकादांनी प्रयत्न केला. डोळे तेवढे वाकले.

"जमलं," हात्सुए-सान म्हणाल्या. "बसताना सांभाळा."

बांबू लावून केलेली चोरी मात्र रीतसर पार पडली. तोच मॅनेजर, तसाच डबा, तीच लाल चिठ्ठी. नुकादा लाकडी बाहुल्यासारखे उभे, नजर छतावरच्या दिव्यावर. मॅनेजरने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला. ज्या म्हाताऱ्यासाठी आपण रडलो तो असा उर्मट निघावा हे त्याच्या जिव्हारी लागलं, आणि त्याने पोलिसांना बोलावलं. नुकादांचा ऊर भरून आला. फक्त तो बाहेर दाखवायला कोटात जागा नव्हती.

चौकीवर फुनाकी नावाचा तरुण हवालदार होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आत रॉकेलची शेगडी चालू होती.

"आजोबा, बसा ना."

"उभाच बरा आहे."

"घरचं कुणी? कुणाला बोलावू?"

"मला कुणी नाही," नुकादा अभिमानाने म्हणाले. परीक्षेत हाच प्रश्न येणार हे हात्सुए-सान यांनी आधी सांगून ठेवलं होतं.

फुनाकीने पत्ता पाहिला, मग भिंतीवरचा नकाशा पाहिला. "म्हणजे तुम्ही ओगिसो-सान यांच्या आळीतले. थांबा."

हे हात्सुए-सान यांनी सांगून ठेवलं नव्हतं.

ओगिसो आळीच्या समितीचे अध्यक्ष होते. कौलांचा धंदा मुलाच्या हाती देऊन त्यांनी आळी हाती घेतली होती. कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत बाहेर ठेवायचा इथपासून त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. स्वच्छ आणि निर्धोक आळी म्हणून वॉर्डाची ढाल त्यांच्याकडे होती, आणि ती परत मागितली जाऊ नये हे त्यांच्या आयुष्याचं उरलेलं ध्येय होतं. ते धापा टाकत आले, हातात मिठाईचा खोका. अर्धं सोबत आलेल्या मॅनेजरकडे बघून, अर्धं फुनाकीकडे बघून ते भराभरा वाकले. विहिरीचा हातपंप मारावा तसं. नुकादांना ते बघवेना.

"आमच्या आळीतून असं होत नाही," ओगिसो म्हणाले. "यांना मी घेऊन जातो. पुढची जबाबदारी माझी."

मग खिशातून रेशमी पिशवी काढून त्यांनी आपला शिक्का फुनाकीच्या कागदावर उमटवला. तो शिक्का म्हशीच्या शिंगाचा होता, वडिलांकडून आलेला. सही काय, कुणीही करतं, असं ते म्हणत. शिक्का म्हणजे ओगिसो. नुसतं पार्सल आलं तरी ते हाच शिक्का वापरत, आणि एरवी तो दाराशी, चपलांच्या कपाटावर, लाखेच्या डबीत असायचा.

परत येताना ओगिसो म्हणाले, "काही अडचण असली तर मला सांगायचं होतं, नुकादा-सान."

"अडचण आहे, अध्यक्ष. मला घरासाठी जामीन हवा आहे."

"तशी नव्हे हो. सांगण्यासारखी अडचण."

"पण आत्ता तर तुम्ही माझे जामीन राहिलात."

"ते वेगळं. तिथून तुम्हाला बाहेर काढायचं होतं. घरात तुम्ही आत राहणार. आणि एकदा राहिलात म्हणजे..." ओगिसोंनी बर्फाकडे पाहिलं. "तुम्ही ताठ का चालताय?"

"थंडी आहे," नुकादा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आणखी एक चोरी केली, तेव्हाही ओगिसो आले, तोच पंप, तोच शिक्का, मिठाईचा खोका मात्र लहान. पोलिसांकडून सोडवायचं म्हटलं की एका फोनवर जामीन हजर, आणि छपराखाली झोपायचं म्हटलं की गावात माणूस नाही. यातून शहाण्या माणसाने काय समजायचं ते समजावं. नुकादा एवढंच समजले की ओगिसो आहेत तोवर आपल्याला तुरुंग दिसत नाही.

चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून निघाली. नळाला पाणी फक्त सकाळी येऊ लागलं. हात्सुए-सान यांनी आपलं बोचकं बांधून ठेवलं.

"मी वर्षाच्या शेवटच्या दिवशी जाते," त्या म्हणाल्या. "कोठडीतसुद्धा नव्या वर्षाचा डबा देतात. गोड काळे दाणे, माशाची वडी. बाहेर राहून मला कोण देणार आहे? आणि मला सोडवायला ओगिसो यायचा नाही. माझ्यातून दुसऱ्या खेपेलाच त्याने अंग काढून घेतलं."

"अंग काढून घेतलं? कसं काय?" नुकादांनी आशेने विचारलं.

"बाई माणूस. बहिणीकडे गेली म्हटलं की भागतं." त्यांनी पेला विसळला. "तुमचं काय ते लवकर उरका, नुकादा-सान. चाळ पडल्यावर स्टेशनात झोपलात तर न्यूमोनियाने जाल. तुरुंगातल्यासारखं मरणसुद्धा बाहेर मिळत नाही. तिथे निदान बघायला येतात."

नुकादा त्या दिवशी बराच वेळ खिडकीशी बसले. मग त्यांना सुचलं. इतकं सोपं होतं की आधी सुचलं नाही याची त्यांना लाज वाटली. ओगिसो सोडवायला येतात, तर ओगिसोंचीच चोरी करायची. आणि जिच्यावाचून ते सोडवू शकत नाहीत तीच वस्तू न्यायची.

आळीत सूचनांची फळी घरोघर फिरते. वाचायची, आपल्या नावापुढे खूण करायची, शेजाऱ्याच्या दाराशी ठेवायची. त्या महिन्याची फळी नुकादांकडे आली, ती ते स्वतः ओगिसोंच्या घरी घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत कुठेतरी टीव्ही चालू होता. नुकादांनी फळी ठेवली, लाखेची डबी उघडली, शिक्का रेशमी पिशवीसकट खिशात घातला, उंबऱ्यापाशी अस्ताव्यस्त पडलेले ओगिसोंचे बूट जोडीने नीट लावले आणि तडक चौकी गाठली. बांबू त्यांनी घरी ठेवला होता. कबुली द्यायची तर बसून द्यावी, असं त्यांना वाटलं.

"मी चोरी केली आहे," ते म्हणाले आणि शिक्का टेबलावर ठेवला. "घरात शिरून."

फुनाकीने शिक्का उलटा करून अक्षरं वाचली. मग तो हळूच मागे टेकून बसला आणि त्याने फोन लावला.

ओगिसो सवयीने मिठाईचा खोका घेऊनच आले. आत येता येता पंप सुरू झाला होता. मग त्यांना समजलं की या खेपेला फिर्यादी आपणच आहोत. खोका कुणाला द्यायचा हे त्यांना कळेना. त्यांनी तो स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"शिक्का," ते म्हणाले. "माझा शिक्का. नुकादा-सान, अहो, हा माझ्या वडिलांचा."

"म्हणूनच घेतला," नुकादा म्हणाले. आणि पाठ सरळ ठेवली. बांबूशिवाय ते किती कठीण आहे हे त्यांचं त्यांना ठाऊक.

"मग तक्रार लिहून घेऊ," फुनाकी म्हणाला. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद ओगिसोंपुढे सरकवला. "इथे तुमचा शिक्का."

ओगिसोंनी खिशात हात घातला. मग टेबलावर पाहिलं. शिक्का पुराव्याच्या पारदर्शक पिशवीत होता.

"तो द्या जरा."

"पुरावा आहे, अध्यक्ष. तक्रार झाल्याशिवाय तुम्हाला परत देता येत नाही."

"आणि तक्रार शिक्क्याशिवाय होत नाही."

"अंगठाही चालतो," फुनाकीने शाईची गादी पुढे केली.

ओगिसो इतके ताठ झाले की बांबू नुकादांचा की त्यांचा असा प्रश्न पडावा. "अंगठा? चौकीत बसून? मी ओगिसो, आणि चोरासारखा अंगठा उमटवू?"

"चोराने अंगठा दिला तर चालेल का?" नुकादांनी मदत म्हणून विचारलं.

शेगडीवरची किटली बोलू लागली. फुनाकीला घरी जाऊन जेवायचं होतं, आणि पुढच्या आठवड्यात ढालीचे लोक वॉर्डात येणार होते हे तिघांनाही माहीत होतं. अध्यक्षांच्या घरातून, अध्यक्षांच्या दाराशी, अध्यक्षांचाच शिक्का चोरीला. असली बातमी लिहायला कागद लागत नाही. ती आपली आपण आळीभर फिरते, फळीपेक्षा लवकर.

"यात एक आहे," फुनाकी किटली उतरवत म्हणाला. "शिक्का तुम्ही स्वतःच दिला असता, तर चोरी झालीच नाही. मग पिशवी आत्ता फोडता येईल."

"मी माझा शिक्का दुसऱ्याला कशाला देईन?"

"तेच. माणूस आपला शिक्का दुसऱ्याच्या हातात एकाच कामासाठी देतो."

ओगिसो खिडकीकडे वळले. रस्त्यापलीकडे घरदलालाच्या दुकानात दिवा होता. त्यांनी त्या दिव्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं. त्यांना चटया दिसत असाव्यात. फळ्यासुद्धा.

"मीच दिला होता," ते शेवटी म्हणाले.

"कशासाठी?"

"यांच्या घराला जामीन राहायला." तोंडातून दात काढून द्यावा तसं त्यांनी ते दिलं.

"खरं आहे का, नुकादा-सान?"

नुकादांना नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. त्या शब्दापलीकडे जवाचा भात होता, ठरलेल्या दिवशीची आंघोळ होती, सकाळची घंटा होती. त्यांनी तोंड उघडलं.

आणि ओगिसो उठले आणि त्यांच्यापुढे वाकले. खोका मांडीवरून पडला. वाकणं भिकार होतं, कोपरं बाहेर, मान वाकडी, पण या खेपेला पंप नव्हता. ओगिसो खाली गेले आणि खालीच राहिले.

नुकादांनी सारं आयुष्य दुसऱ्यांपुढे वाकण्यात घालवलं होतं. त्यांच्यापुढे काही मागायला म्हणून कुणी कधी वाकलं नव्हतं. याला काय उत्तर द्यायचं ते तक्रार खिडकीवर शिकवलेलं नाही. पण समोरचा वाकला की आपण वाकायचं, हे कुठल्याही खिडकीआधीचं शिक्षण. त्यांची पाठ खाली गेली. पुरती, शेवटच्या प्रतीची.

"मान्य," फुनाकीने लिहून टाकलं.

नुकादांना घर मिळालं ते टोफूवाल्याच्या मागच्या अंगणातलं. दोन लहान खोल्या, मधे कागदी सरकता पडदा. पहाटे सोयाबीन शिजल्याचा वास यायचा. भाडं चाळीपेक्षा जास्त होतं, ते टोफूवाल्याने अंगण झाडण्याच्या बोलीवर उतरवलं. नुकादा तिथे नव्या कैद्यासारखे बसले, एका कोपऱ्यात, बोचकं शेजारी.

दुसऱ्या दिवशी टोफूच्या कढईखाली जाळ लागतोय तोच बाहेरून हाक आली.

"नुकादा-सान."

दारात ओगिसो, गळ्याशी मफलर. त्यांना रात्रभर झोप लागलेली दिसत नव्हती.

"काय झालं, अध्यक्ष?"

"काही नाही. आहात ना? ठीक." आणि ते गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी नुकादांनी उठायला जरा वेळ लावला, तर ओगिसो चपलांसकट आत आले. जामीन माणूस आहे म्हणजे चटया त्याच्या, फळ्या त्याच्या. मग त्यांच्या बायकोच्या हातचा मुळ्याचा रस्सा येऊ लागला, कारण उपाशी म्हातारा जास्त धोक्याचा. ठरलेल्या दिवशी सार्वजनिक स्नानगृहात ओगिसो त्यांना स्वतः घेऊन जात, पाय घसरू नये म्हणून. खोकला आला तर डॉक्टर. नुकादांना हे वेळापत्रक कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. चौथ्या की पाचव्या सकाळी "नुकादा-सान" अशी हाक आली, तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, "हजर."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बर्फ गुडघाभर होता. दुपारी नुकादा अंगण झाडायचं म्हणून बाहेर पडले, त्यांनी अंगण झाडलं, झाडलेलं परत झाडलं. मग झाडू ठेवून कोपऱ्यावरून मिठाईचा खोका घेतला, मोठा, आणि सुपरमार्केट गाठलं.

मागच्या खोलीत हात्सुए-सान खुर्चीवर निवांत बसल्या होत्या. टेबलावर दोन बांगडे, पूर्ण किमतीचे. मॅनेजर फोन उचलतच होता. नुकादांना पाहून त्याचा चेहरा आंबला.

"तुम्ही परत?"

"मी यांच्यासाठी आलो आहे."

"नुकादा-सान," हात्सुए-सान दातांच्या फटीतून म्हणाल्या. "घरी जा. सगळं जमलंय."

नुकादांनी खोका टेबलावर ठेवला. दोन पावलं मागे घेतली, टाचा जुळवल्या आणि वाकले. तक्रार खिडकीवरच्या त्यांच्या साऱ्या वर्षांत असं वाकणं त्यांना साधलं नव्हतं. मॅनेजर फोन हातात धरून उभा. पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. नुकादा वर येत नव्हते.

"लाज नाही वाटत?" हात्सुए-सान म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईच्या पोटावर पाय देताय. डबा मिळणार होता मला."

"यांना मी घेऊन जातो," नुकादा आपल्या बुटांना म्हणाले. "पुढची जबाबदारी माझी."

मॅनेजरने फोन खाली ठेवला आणि बाहीने डोळे टिपले. "हे कसं करता हो, आजोबा?" त्याने विचारलं. "मला आमच्या मोठ्या साहेबांपुढे जमतच नाही."

"कोपरं आत घ्या," नुकादा वर येत म्हणाले.

हात्सुए-सान बोचकं छातीशी धरून रस्ताभर फणकाऱ्याने चालल्या. टोफूवाल्याच्या अंगणात त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, पडदा सरकवून पाहिला, परत लावला आणि आपलं बोचकं आतल्या बाजूला आपटलं.

"घंटा आहे का इथे?"

"घंटा नाही. अध्यक्ष आहेत."

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ओगिसो आले ते मफलर, टोपी आणि हातात झाकलेलं भांडं घेऊन.

"नुकादा-सान."

"हजर."

ओगिसो जायला वळले आणि थांबले. उंबऱ्यावर बायकी बुटांची जोडी होती, टोकं बाहेर करून नीट लावलेली. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"आत कोण?"

"मिझुगुची हात्सुए-सान. बहिणीकडून आल्या." नुकादांनी किंचित वाकून सांगितलं, पहिल्या प्रतीचं. "मी त्यांचा जामीन आहे."

ओगिसोंच्या चेहऱ्यावर दोन माणसांच्या चटया सावकाश उमटल्या. त्यांनी घसा खाकरला, मफलर सैल केला, आणि पडद्याच्या दिशेने, जरा कमी आवाजात, हाक मारली.

"हात्सुए-सान."

आतून काही आलं नाही. ओगिसोंनी नुकादांकडे पाहिलं. नुकादांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात पडद्याच्या कडेशी गेला.

"हजर," आतून आवाज आला. "त्या भांड्यात काळे दाणे आहेत का?"